जास्तीचं इंधन

त्याने खिडकीचं झापड खटकन वर सारलं. तीच रिकामी धावपट्टी, तेच वाळकं गवत आणि वर लख्ख ऊन. ते ऊन पाहून त्याचं डोकं आणखीच सणकलं. जिथे उतरायचं होतं तिथे वादळ, आणि जिथे कुणाचं काडीचं काम नाही तिथे असं निरभ्र आकाश!

विमान कधीपासून इथे ठाण मांडून होतं. दारं बंद, हवा कोंदलेली. तिकडे ताईचं हृदयाचं ऑपरेशन होतं. आईच्या माघारी तिनेच त्याला वाढवलं होतं, आणि त्याला डोळ्यांनी पाहिल्याशिवाय आत जाणार नाही, असं तिने डॉक्टरांनाही बजावलं होतं. पण डॉक्टर तरी थांबून थांबून किती थांबणार?

शेवटी कॅप्टन कॉकपिटमधून बाहेर आला.

“वादळ ओसरेपर्यंत वर घिरट्या घालायला इंधन पुरलं नसतं,” तो म्हणाला. “म्हणून इकडे वळवावं लागलं.”

“आपल्या मागचं विमान उतरलं की तिथे!” मागून कुणीतरी फोन नाचवत ओरडलं. “ते कसं थांबलं?”

“त्यांच्याकडे जास्त होतं.”

“मग तुम्हाला भरायला काय धाड भरली होती?” शेजारच्या काकू कडाडल्या. “पेट्रोल बघितल्याशिवाय आमचा जावईसुद्धा गाडी काढत नाही, आणि तो तर एक नंबरचा विसरभोळा!”

चार लोक हसले. कॅप्टनने मान खाली घालून सगळं ऐकून घेतलं.

खिडकीशी बसलेल्या त्याने मात्र समोरचं मासिक उघडून तोंडापुढे धरलं. खरं तर गरज नव्हती, कॅप्टनला त्याचा चेहरा ठाऊकच नव्हता. ठाऊक होता तो फोनवरचा आवाज. ह्याच कंपनीत कुठल्या विमानात किती इंधन भरायचं, हे त्याच्या खात्यातून ठरे. ऑफिसात त्याच्या पाठीमागे त्याला ‘थेंबसाहेब’ म्हणत. हे त्याला माहीत होतं आणि मनातून आवडतही होतं.

सकाळी ह्याच कॅप्टनने एक टन जास्तीचं मागितलं होतं. “तिकडचं आकाश मला आवडत नाहीये,” म्हणाला होता. विमानतळावर बसून, हातात कॉफीचा कप धरून थेंबसाहेबांनी उत्तर दिलं होतं, “आवडीनिवडीवर इंधन मिळत नाही. हवामानाचा अंदाज स्वच्छ आहे. हवंच असेल तर लेखी खुलासा द्या.” खुलाशाची ही पद्धत त्यानेच पाडलेली. वैमानिक त्याला वैतागून नाद सोडत, तसा ह्यानेही सोडला. आपण त्याच विमानाने निघालोय, हे त्याने सांगितलंसुद्धा नव्हतं. स्वतःसाठी नियम वाकवला नाही, ह्याचा तेव्हा केवढा अभिमान वाटला होता!

फोन वाजला. भावोजी होते.

“नेलं रे तिला आत. आणखी थांबणं धोक्याचं म्हणाले. ती ऐकेचना. शेवटी मी सांगितलं, तू आलास, जिना चढतोयस म्हणून.”

“मग?”

“मग गेली. हसत गेली.”

कुणावर तरी मनसोक्त ओरडावं, असं त्याला फार वाटत होतं, आणि ओरडायला कुणी उरलं नव्हतं.

पुढे दोन पावलांवर, दाराशी, कॅप्टन फोनवर हुज्जत घालत होता.

“अहो, तिकडे अजून ढग आहेत. एक टन जास्त द्या... खुलासा नंतर देतो की! आत्ता लोक माझा जीव खातायत... बरं बाबा, विचारा तुमच्या साहेबांना. धरतो मी फोन.”

लगेच इकडे त्याच्या स्वतःच्या हातातला फोन थरथरला. ऑफिसातला सहायक होता.

“सॉरी साहेब, सुट्टीवर आहात तरी त्रास देतोय. एक जण जास्तीचं मागतोय. नेहमीसारखं नाहीच म्हणू ना?”

“दे,” तो म्हणाला. “मागतील तेवढं दे. खुलासा नको.”

“पण साहेब, तुम्हीच तर—”

“दे म्हटलं ना!”

तो आवाज ऐकून कॅप्टनने सावकाश वळून पाहिलं. फोन अजून त्याच्या कानालाच होता.

काकूंच्या चेहऱ्यावर मात्र कौतुक मावेना.

“अगंबाई, तुमचं ऐकतात वाटतं तिथे! मग सकाळीच नाही का हो सांगायचं?”