मिठाच्या तीन मुठी

मित्रांनो, आपल्या आयुष्याची गोष्ट सांगताना आधी कौतुक सांगावं की आधी चूक, हे मला अजून नीट ठरवता आलेलं नाही. मी बाळकुममधली, मासळी ठेवायची बर्फाची एक जुनी पेटी आहे. माझं ज्ञान थोडं. अंगणात बसून जे दिसलं आणि ऐकू आलं तेवढंच सांगते. कुठे चुकलं तर सांभाळून घ्या.

१९८२ साली भगवान सुतारानं मला घडवलं. तो होड्या बांधायचा. खाडीत मोडीत निघालेल्या एका होडीच्या सागवानी फळ्या त्यानं काढून ठेवल्या होत्या, त्यांचीच मी झाले. आतून पत्रा, बाहेरून फळी आणि दोहोंच्या मध्ये ठासून भरलेला भुसा. झाकणाच्या कडेला त्यानं सायकलच्या ट्यूबचं रबर ठोकलं आणि माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "हिच्यातला बर्फ दोन दिवस मरनार नाय."

मला नेलं जनाबाईनं. जनाबाई कोळीण माजिवड्याच्या नाक्यावर मासळी विकायला बसायची. सुरुवातीला खाडीतलीच कोळंबी आणि बोय असायची. पुढे खाडीच्या पाण्याला कारखान्यांचा वास यायला लागला, तेव्हा तिचा नवरा दामाजी मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून माल आणू लागला. रोज बर्फाची अर्धी लादी फोडून माझ्यात भरायची, आणि महागाची मासळी असली की बर्फावर मिठागरातल्या जाड्या मिठाच्या मुठी टाकायच्या. मीठ पडलं की बर्फाला वेगळीच थंडी चढते, हे जनाबाईला तिच्या सासूनं शिकवलं होतं. दारावर येणारी गिऱ्हाइकं पापलेटावर बोट दाबून म्हणायची, "जनाबाई, हे तर दगड झालंय!" ते ऐकून जनाबाई पदर सारखा करायची. मीही आतल्या आत फुगायची.

अशी दहा-अकरा वर्षं गेली. मग आमच्या अंगणात ती आली.

ती म्हणजे निळी पेटी. जनाबाईची धाकटी जाऊ मंजुळा नववीपर्यंत शिकलेली होती. १९९३ साली ती आरोग्य केंद्रात मदतनीस म्हणून लागली. नोकरी कच्ची होती, दर सहा महिन्यांनी नवा कागद मिळायचा. दर बुधवारी मंजुळा आमच्याच अंगणात टेबल मांडून बसायची आणि टेबलावर लसींची ती गुळगुळीत प्लास्टिकची पेटी ठेवायची. माझ्याएवढी मोठीही नव्हती. आत बर्फाच्या पाण्याच्या चार चपट्या बाटल्या आणि मधे इवल्या इवल्या औषधाच्या कुप्या. पण बायका लेकरांना घेऊन तिच्याभोवती गोळा व्हायच्या, कुणी हात लावला तर मंजुळा ओरडायची, आणि काम झालं की तिला मऊ फडक्यानं पुसायची. मला मात्र खराट्यानं धुवायचे. माझ्यावर मांजर बसायचं.

मित्रांनो, हेवा कसा असतो ते मी तेव्हा शिकले. तो एकदम येत नाही. तो बुधवारी बुधवारी येतो.

आणि माझ्या एकटीलाच तो होता असंही नाही. जनाबाई पाटी डोक्यावर घेऊन निघताना टेबलासमोर मुद्दाम थांबायची.

"काय गो मंजुले, तुझी निळी राणी जेवली का?"

"वैनी, लोकं बसलीत."

"बसू दे की! आमच्या पेटीनं अख्खं बालकूम जेवतं, तिला कोन पुसत नाय. आन् हिला फडका!"

बायका हसायच्या. मंजुळा मान खाली घालायची. ती उलट बोलत नसे, आणि त्याचा जनाबाईला जास्तच राग यायचा.

१९९४ साली सुरतेला प्लेग आल्याची बातमी आली. नाक्यावर लोक तोंडाला रुमाल बांधून मासळी घ्यायला लागले. कुणी म्हणायचं उंदरांमुळे झालं, कुणी म्हणायचं शत्रूनं मुद्दाम जंतू सोडले. खरं काय ते कुणालाच ठाऊक नव्हतं. पण पुढच्या वर्षी, फेब्रुवारी महिन्यात, केंद्रातल्या डॉक्टर उत्तराबाई आमच्या अंगणात आल्या आणि त्यांनी सगळ्यांना समजावून सांगितलं. खरोखरच कुणी दुष्टानं रोगाचे जंतू पसरवले तर लस शोधणारे शोधतील. पण ती एका दिवसात सगळ्यांच्या दंडात पोचवायची कशी? रांग कशी लावायची, बाटल्या थंड कशा ठेवायच्या? म्हणून रविवारी तालीम करायची. तीनशे माणसं, चार तास.

"तालमीत रिकामी सुई टोचनार का?" दामाजीनं विचारलं.

"रिकामी कशाला? धनुर्वाताची लस देऊ," उत्तराबाई हसून म्हणाल्या. "तुम्हा लोकांना माशांचे काटे लागतात, गंजलेले गळ लागतात. तालीमही होईल आणि तुमचं कामही होईल."

मग त्या मंजुळेकडे वळल्या. "बाटल्या तुझ्या ताब्यात. वरचे साहेब पाहायला येणार आहेत. नीट पार पडलं तर तुझ्या पक्क्या नोकरीचा कागद मी स्वतः पुढे पाठवीन."

हे जनाबाईनं ऐकलं. मीही ऐकलं.

शनिवारी दुपारी केंद्राजवळचा ट्रान्सफॉर्मर जळाला. तिथला फ्रीज बंद पडला. संध्याकाळी मंजुळा लसीच्या तीस बाटल्या घेऊन घामाघूम होत घरी आली; एकेका बाटलीत दहा जणांपुरती लस. निळ्या पेटीत पंधराच मावत होत्या आणि तिचा बर्फही मऊ पडला होता. ती दारात उभी राहिली. शेवटी म्हणाली, "वैनी, तुमची पेटी द्याल का एक रात?"

जनाबाईनं तिला जरा वेळ तसंच उभं ठेवलं. मग म्हणाली, "आज मच्छीवालीची आठवन आली! आन इकडं."

दोघींनी मिळून मला घासलं. निळ्या पेटीच्या चपट्या बाटल्यांभोवती थोडा बर्फ घातला. लसीच्या उरलेल्या पंधरा बाटल्या प्लास्टिकच्या पिशवीत बांधून मंजुळेनं माझ्यात ठेवल्या. दोन्ही पेट्या शेजारी शेजारी ठेवून झोपायला जाताना तीनदा बजावून गेली, "नुसता बर्फ हां वैनी. पिशवीला चिकटवायचा पन नाय, मधे गोनपाट ठेवा."

ती गेल्यावर जनाबाई माझ्यासमोर उकिडवी बसली. तिनं निळ्या पेटीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "नुसता बर्फ!" ती पुटपुटली. "मना शिकवतंय बर्फ कसा ठेवायचा." आणि तिनं गोणपाट बाजूला सारून बर्फावर जाडं मीठ टाकलं. एक मूठ, दुसरी मूठ. जरा थांबून तिसरी.

मित्रांनो, तिच्या मनात वाईट नव्हतं, हे मी शपथेवर सांगेन. लग्नाच्या पापलेटाला ती जी माया लावायची तीच तिनं त्या बाटल्यांना लावली. फक्त त्या मायेत थोडं दाखवणंही होतं. माझ्यात तर दाखवण्याखेरीज काही नव्हतंच. रात्रभर मी सगळी थंडी घट्ट धरून ठेवली. शेजारी ती निळी कोमट होत चालली होती आणि मला इतका आनंद झाला होता की आज सांगतानाही लाज वाटते.

सकाळी मंजुळेनं झाकण उघडलं. पिशवी वर काढली. बाटल्यांत बर्फ झाला होता.

"बघ, दगड!" जनाबाई म्हणाली. "तुझ्या राणीला जमलं असतं?"

मंजुळेचा चेहरा उतरला. "वैनी, मीठ घातलंत?"

"मग? पोलिओचं औषध तुमी बर्फ करूनच ठेवता ना?"

"ते वेगळं. धनुर्वाताची लस गोठली की मेली. तिच्यात काय उरत नाय."

जनाबाईनं आजूबाजूला कुणी नाही ना ते पाहिलं. मग आवाज खाली आणून म्हणाली, "उनात ठेव. वितलंल. कोनाला कलनार? तुझा कागद पक्का व्हायचाय गो."

मंजुळेनं सगळ्या बाटल्या उचलल्या.

नऊ वाजता टेबलं मांडली. वरचे साहेब खुर्चीवर बसले. रांग पार देवळापर्यंत गेली, आणि सर्वांत पुढे, बाही वर सारून, खुद्द जनाबाई. टेबलावर बाटल्यांच्या दोन रांगा होत्या. माझ्या बाटल्या वितळून निळीच्या बाटल्यांसारख्याच दिसत होत्या. उत्तराबाईंनी माझ्याकडची पहिली बाटली उचलली आणि सुई आत घातली.

"बाई, थांबा."

मंजुळेचा आवाज इतका बारीक होता की साहेबांनी "काय?" म्हणून पुन्हा विचारलं.

"ह्या पंधरा बाटल्या गोठल्या होत्या. ह्या देऊ नका."

उत्तराबाईंनी दोन्हीकडची एकेक बाटली घेतली, जोरात हलवली आणि टेबलावर शेजारी शेजारी ठेवली. निळीची बाटली तशीच दुधट राहिली. माझ्याकडच्या बाटलीतले पांढरे कण हळूहळू तळाशी बसले. अख्खं अंगण ते पाहत होतं.

"कुणी ठेवल्या होत्या?" साहेबांनी विचारलं.

"मी," मंजुळा म्हणाली. "माझी चूक."

साहेबांनी खिशातलं पेन काढलं.

"खोटं बोलतंय ती!" जनाबाईचा नाक्यावरचा आवाज लागला. "मीठ मी टाकलं. तिनं तीनदा सांगितलं होतं नुसता बर्फ. मना दाखवायचं होतं माझी पेटी मोठी. वितलवून टोच, कोनाला कलनार, हे पन मीच बोललो तिला. लिहायचं तर माझं नाव लिहा. जनाबाई दामाजी, माजिवडा नाका, कोनीपन दाखवील."

रांगेत कुणीतरी हसलं. साहेब हसले नाहीत. उत्तराबाई म्हणाल्या, "साहेब, खरोखरचा हल्ला असता तर आज दीडशे माणसं रिकाम्या दंडानं घरी गेली असती आणि आपण वाचलो असं समजली असती. हे आजच कळावं म्हणूनच तालीम होती ना?"

उरलेल्या पंधरा बाटल्यांनी दीडशे लोकांना लस मिळाली. ती सगळी निळीकडची. ह्या लसीला एका रात्रीची ऊब सोसते, गोठणं सोसत नाही; कोमट होत होत तिनं त्या बाटल्या नीट सांभाळल्या होत्या. जनाबाई रांगेतून निघून मागे जाऊन उभी राहिली. तिची पाळी आली नाही.

अहवालात दोन्ही गोष्टी लिहिल्या गेल्या: बाटल्या गोठल्या, आणि मदतनीस बाईनं सुई टोचण्याआधी सांगितलं. मंजुळेचा कागद मात्र लगेच पक्का झाला नाही. साहेबांनी तो एक वर्ष मागे ठेवला. त्या वर्षात जनाबाईनं तिला एकदाही राणीवरून चिडवलं नाही. दर बुधवारी नाक्यावर जायच्या आधी ती स्वतः टेबल उचलून अंगणात आणून ठेवायची. पुढच्या वर्षी पक्का कागद आला तेव्हा तो वाचून दाखवायला मंजुळा आधी जनाबाईकडे आली. जनाबाईनं हात पदराला पुसले आणि कागद उलटा धरून बराच वेळ पाहिला.

मी आता मागच्या पडवीत असते. मासळीसाठी थर्माकोलचे खोके आले. माझ्या भुशाला वाळवी लागली आहे, पत्रा गंजला आहे. मला अजून निळीचा हेवा वाटतो, पण तिच्या फडक्याचा नाही. तिला जेवढी थंडी दिली तेवढीच तिनं ठेवली, एका अंशानं जास्त नाही. हे मला कधीच जमलं नाही.

मित्रांनो, तुमच्या ताब्यात दुसऱ्याच्या जिवाची वस्तू आली तर तिला काय हवं आहे ते आधी विचारा, आपल्याला काय दाखवायचं आहे ते नंतर. आणि तरीही हातून मीठ पडलंच, तर सुई टोचली जाण्याआधी सांगा. आवाज बारीक निघाला तरी चालेल.