घरच्यांची पंगत शेवटी

चैत्रालीने माऊसचं चाक फिरवत नावं पुन्हा तळापर्यंत नेली आणि पुन्हा वर आणली. पहिल्यांदा नजरेतून सुटलं असेल तर दुसऱ्यांदा सापडेल, असं तिला वाटलं होतं. सापडलं नाही.

स्क्रीनवर तिचीच जीप उभी होती. कुडपणच्या डोंगरावरून पोलादपूरला उतरणारी, टपावर कोंबड्यांचं खुराडं बांधलेली, एक दार कायम उघडं. वळणं, म्हशी, रस्त्यात आलेली दरड, सगळं तिनेच काढलेलं. जीपच्या खाली आता एक नवी चौकट आली होती आणि तिच्यात नावं होती.

ही परदेशी साइट, जिथे कुणीही खेळ बनवून टाकायचं, आजवर एका खेळाला एकच नाव घ्यायची. खातं महाडच्या कॉम्प्युटर क्लासचं, म्हणून ते नाव क्लास चालवणाऱ्या कमलाकर सरांचं. या आठवड्यात साइटवाल्यांना सुबुद्धी झाली. खेळ जितक्यांनी मिळून केला त्या सगळ्यांची नावं टाका, दहा जणांपर्यंत, आणि प्रत्येकाला त्या खेळात काम करता येईल, असं त्यांनी जाहीर केलं. सोमवारी पुण्याची एक कंपनी हा खेळ उघडून बघणार होती आणि चैत्रालीला नोकरी द्यायची की नाही ते ठरवणार होती. "त्यावर तुमचं नाव दिसलं पाहिजे हं," एवढं एकच फोनवरच्या बाईंनी दोनदा सांगितलं होतं.

नावं तर भरपूर दिसत होती. सर्वात वर 'आशीर्वाद' म्हणून आनंदीबाई, क्लासची जागा ज्यांची होती त्या. मग 'आधारस्तंभ' रावजीशेट, पतपेढीचे चेअरमन. 'मार्गदर्शक' स्वतः सर, 'प्रेरणा' म्हणून सरांच्या मिसेस अनुपमाबाई, 'चहापान' सदू. बॅनर रंगवणारा हैबतीसुद्धा होता. अगदी तळाला 'किलबिल' म्हणून सरांचा पुतण्या धवल होता. त्याने हा खेळ पाहिलाही नव्हता, कारण अजून तो रांगत होता.

"सर, हिचं नाव नाय," मागून बुद्धरत्न म्हणाला. तो वीर गावाहून रोज यायचा. क्लासला शिकता शिकता तिथेच शिकवायला लागला होता. चैत्राली जे काढायची ते हलायचं, वळायचं, आपटायचं ते त्याच्यामुळे.

"कसं असेल? अजून टाकलंच नाहीये," सर म्हणाले. आवाजात चक्क अभिमान होता. "अगं, पाहुणे आधी जेवतात. घरच्यांची पंगत शेवटी. तू तर घरचीच. सरक, आता टाकू तुझं."

त्यांनी एका बोटाने तिचं नाव टाइप केलं आणि बटण दाबलं. एक लाल ओळ आली.

"काय म्हणतंय?"

"टीम भरली म्हणतंय," बुद्धरत्न म्हणाला.

सरांनी पुन्हा दाबलं. जरा जोरात. टीम भरलेलीच होती.

चैत्रालीला वाटलं, आता राग येईल. तिने थोडा वेळ वाट पाहिली. मग ती बोटावर वाळलेला फेविकॉल सोलत बसली.

"एकाचं काढा की सर."

"काढा म्हणे. पत्रिका वाटल्यावर कुणी नाव काढतं का रे? रावजीशेटनी त्या पानाची प्रिंट काढून पतपेढीत लावलीय. अनुपमा काढू देणार नाही. हैबतीचं काढलं तर उद्या बॅनरवर माझे दात काळे करील."

"धवलचं?"

"त्याच्या आईला ओळखत नाहीस तू."

शेवटी आनंदीबाई ठरल्या. वय झालेलं, राहणार पोलादपूरला, कॉम्प्युटरशी संबंध नाही. त्यांचं खातंसुद्धा सरांनीच उघडलेलं, बटण इथूनच दाबता आलं असतं. पण न विचारता मोठ्या माणसाचं नाव खोडणं सरांच्या रीतीत बसत नव्हतं. तिघं मिनीडोर रिक्षात कोंबून पोलादपूरला गेले. सरांच्या मांडीवर कुणाची तरी तांदळाची पिशवी होती. चैत्राली बाहेर बघत होती. नेमकं काय बघितलं ते तिला नंतर सांगता आलं नसतं.

आनंदीबाई पडवीत वालाचं बिरडं सोलत होत्या. सरांनी लांबलचक सुरुवात करून शेवटी विषय काढला.

"माझं नाव काढतास?" म्हातारी म्हणाली. "रेशनकार्डावर हाय, मतदार यादीत हाय, देवळाच्या फरशीवर हाय. आजवर कुणी काढलं नाय. मी मेलं असं कुणी सांगितलं तुला?"

"तसं नाही हो आनंदीबाई..."

"मंग कसं?"

सरांनी बुद्धरत्नकडे बघितलं, बुद्धरत्नने चैत्रालीकडे.

"तू बोल गो पोरी. खेळ कसला हाय तो?"

"जीप आहे, आजी. कुडपणवरनं खाली येते."

"कुठवर पोचते?"

"हात सुटला की दरीत जाते. मग परत पहिल्यापासून."

म्हातारीचे हात थांबले. "सारखी जाते?"

"सारखी."

"आणि माझं नाव त्याच जीपखाली?"

"आशीर्वाद म्हणून," सर मध्येच म्हणाले.

"काढा रे ते आधी. माझा नातू गाडीवर हाय त्या रस्त्याला." त्यांनी ताट बाजूला सारलं. थोडा विचार करून म्हणाल्या, "चेअरमनचं राहू दे."

मग सगळ्यांना कोकम सरबत मिळालं.

महाडला परतल्यावर सरांनी खुर्चीत न बसताच बटण दाबलं. वरचं नाव गेलं, बाकीची एकेक पायरी वर सरकली. रावजीशेट आता पहिले आले होते. ते ऐकून त्यांना किती बरं वाटेल या विचाराने सर इतके हरखले की चपला घालून तडक पतपेढीकडे निघाले. "तू टाक गं तुझं," जिन्यातून आवाज आला.

रिकामी चौकट समोर होती. चैत्रालीने नाव टाइप केलं. बटण दाबण्याआधी तिने यादी शेवटची खाली नेली, आणि पहिल्यांदाच स्वतःचं सोडून दुसरं एक नाव शोधलं.

"तुझं कुठाय?"

"माझं?" बुद्धरत्न पंख्याचं बटण फिरवत होता. "मी पन घरचाच ना."

पंखा सुरू झाला. ती बोट बटणावर ठेवून बसली. काहीतरी बोलायला हवं होतं. पण मध्ये सोमवार आडवा होता.

"दाब की," तो म्हणाला.

तिने दाबलं. नावाखाली एक लहान चौकट उघडली, यांनी काय काम केलं ते लिहा. तिने 'चित्रं' लिहिलं.

"तेवढंच नको," तो जवळ येऊन वाकून म्हणाला. "सोमवारी इचारतील, जीप चालती कशी? प्रोग्रामिंग पन लिही."

"ते मी नाही केलं."

"मग कुणी केलं म्हणून सांगशील? धवलनं?"

ती हसली नाही. तोही हसला नाही.

"आणि त्यांनी काही विचारलं तर?"

त्याने बाजूची खुर्ची ओढली, वहीचं एक कोरं पान फाडून तिच्यासमोर ठेवलं. "पहिलं वळण घे," तो म्हणाला. "जीप कशी वळते ते सांगतो. लिहून घे."