इथे राहत नाही

"घरात आहेस ते कळतंय गं मला. पडदा हललाय," बाहेरची म्हातारी म्हणाली.

देलोराने तीन वर्षांच्या लेकीला, मायकाला, कडेवर आणखी घट्ट धरलं. दाराची साखळी लावलेलीच होती. अमेरिकेतल्या मिसिसिपीच्या त्या ट्रेलरवस्तीत, चाकांवरच्या घरांच्या रांगांत, गळ्यात ओळखपत्र अडकवून येणारी बाई म्हणजे एक तर कर्जवसुलीवाली, नाही तर सरकारतर्फे पोरं उचलून नेणारी. शेजारच्या रोवीनाची दोन अशीच गेली होती.

"देलोरा इथे राहत नाही," ती फटीतून म्हणाली.

"मग तू कोण?"

"बहीण."

"बरं. बहिणीला सांग, दवाखान्यातून मिस ओपल आली होती. तिच्या लेकीचा सरकारी विमा आज पाचला बंद होतोय. एका सहीवाचून."

मायकाच्या छातीत शिट्टी वाजली. दम्याचा पंप कालपासून हाताला हलका लागत होता.

"खोटं. सहीसाठी कोणी घरी येतं होय? पत्र पाठवतात."

"पाठवलं की." मिस ओपलने फटीतून एक पाकीट सरकवलं.

पाकिटावर आडवं लिहिलेलं: 'इथे राहत नाही. परत पाठवा.' शेवटच्या अक्षराची शेपटी ही अशी लांब. देलोराचंच अक्षर. वसुलीच्या पाकिटांनाही अशीच पारदर्शक खिडकी असते. खिडकी दिसली की न फोडता हे लिहायचं, असं आईने शिकवलेलं.

"अक्षर छान आहे हो बहिणीचं."

देलोरा हसली नाही. "त्या अर्जात घरात कोण कोण राहतं ते लिहायचं असतं ना? ते कुणाकुणाला कळवता?"

"कागद पुढे कुठे कुठे फिरतो ते मलाही ठाऊक नाही, पोरी. पण लेकरू न्यायला आले असते तर तुझ्या कुत्र्याला बिस्किटं घालत बसले असते का?"

कुत्रा खरंच भुंकत नव्हता. नालायक.

मिस ओपलने पुढे केलेला अर्ज देलोराने फटीतून आत घेतला, दोनदा वाचला, त्याचा फोटो काढला. मग फटीतून मिस ओपलचाही, ओळखपत्रासकट.

"हसू का?"

"नको. अशाच राहा."

भिंतीवर कागद टेकवून तिने सही केली. साखळी काढली नाही.

"वर्षाने पुन्हा खिडकीचंच पाकीट येईल," मिस ओपल कागद घडी करत म्हणाली. "बहिणीला म्हणावं, फोडून बघ."

गाडी वळणाआड गेली, तरी देलोरा थोडा वेळ थांबली. मग साखळी काढून, मायकाला कडेवर घेऊन रस्त्याकडेच्या पत्रपेटीपाशी गेली. सात वर्षं पेटी नावाशिवाय कोरीच होती. मिस ओपलचं जाड निळं पेन तिच्या हातातच राहिलं होतं. तिने आपलं पूर्ण नाव लिहिलं, शेपटीसकट.

रस्त्याच्या दोन्ही टोकांकडे एकदा पाहिलं. मग खाली, बारीक अक्षरात, मायकाचंही.