तीन कामांची गाडी

सावद्यातल्या आमच्या गल्लीत अकरा मोटारसायकली आणि दोन चारचाकी आहेत. पैकी एकही गाडी आता सकाळी दारात उगाच घुर्र घुर्र करत उभी राहत नाही, याचं श्रेय हितेंद्रला द्यावंच लागतं. दोन वर्षांपूर्वी त्याने गल्लीतल्या प्रत्येक घरात जाऊन सांगितलं, की इंजिन गरम करायला पाच मिनिटं लागत नाहीत, निघालं की ते आपोआप गरम होतं. तुमच्या पाच मिनिटांचा धूर माझ्या आईच्या छातीत जातो. लोकांनी ऐकलं, आणि त्याच्या आईचा, मंदाबाईंचा, खोकला त्या हिवाळ्यात खरोखरच निम्म्यावर आला. तेव्हापासून हितेंद्रच्या शब्दाला गल्लीत वजन आलं.

तो ठिबक सिंचनाच्या दुकानात सायकलवर जातो. गाडीच्या चाकांची हवा दर सोमवारी, चाकं थंड असताना मोजतो. रेल्वे फाटकावर, सिग्नलवर इंजिन बंद. डिकीत स्टेपनी आणि पान्ह्यापलीकडे काही नाही, कारण ओझं ओढायलाही पेट्रोल लागतं. एसीचं बटण त्याच्या गाडीत आहे, पण ते बाशिंगासारखं, एकदा मिरवून झालेलं. वेग पन्नास. त्याच्यामागे कोणी हॉर्न वाजवला तर तो हात बाहेर काढून 'जा बाबा, जाळ' अशी खूण करतो.

यातलं खोटं काहीच नव्हतं आणि त्याच्या बायकोची, चारुलताची, खरी अडचण तीच होती. नवरा दारू पीत असता, पत्ते खेळत असता, तर चार बायका तिच्या बाजूने बोलायला आल्या असत्या. पेट्रोल वाचवणाऱ्या नवऱ्याविरुद्ध तक्रार कोणाकडे करणार?

त्याच्या सगळ्या नियमांत थोरला नियम तीन कामांचा. लांबचं एकच काम असेल तर गाडी फाटकाबाहेर निघत नसे. त्या दिशेची तीन कामं जमली पाहिजेत. मगच एका खेपेत सगळी उरकायची. त्यासाठी डॅशबोर्डच्या खणात लाल पुठ्ठ्याची वही असायची. जळगाव, भुसावळ, यावल ही पानं पटापट भरत. धुळ्याचं पान मात्र कोरं राहायचं. सावद्याच्या माणसाला धुळ्यात तशी कामं कमीच. आणि चारुलताचं माहेर धुळ्याच्या अलीकडे, फागण्याला.

एरवी ती सोसून घेत असे. पण वैशाखात आखाजी, म्हणजे अक्षय्यतृतीया, येते. आखाजीला खानदेशातली लेक माहेरी जाते, निंबाला झोका बांधते, आईच्या हातचा आमरस खाते, आणि वर्षभर पुरेल एवढं बोलून घेते. जाते म्हणजे नेली जाते. भाऊ मुराळी होऊन घ्यायला येतो, त्याच्याबरोबर लेक निघते. चारुलताचा भाऊ दीपक दरवर्षी यायचा. गेल्या वर्षी आई आजारी होती म्हणून आखाजी झालीच नाही. यंदा आईच म्हणाली होती, की येऊन जा, पुढचं कोणी पाहिलंय.

चैत्रातच हितेंद्रने हिशोब मांडला. दीपक फागण्याहून येणार रिकामा, तुला घेऊन जाणार. आठवड्याने तुला सोडायला येणार, परत जाणार रिकामा. दीडशेच्या आतबाहेर किलोमीटरच्या चार फेऱ्या, त्यातल्या दोन कोरड्या. एका माणसासाठी. त्यापेक्षा मीच सोडतो, माझी त्या बाजूची कामंही होतील. आणि चारुलताने हो म्हणायच्या आत त्याने दीपकला स्पीकरवर फोन लावला. दीपकचा कांदा काढणीला आला होता. त्याने एकदाच 'बरं' म्हटलं, आणि ते इतक्या पटकन म्हटलं, की चारुलताला पलीकडून सुटकेचा श्वास ऐकू आला.

अशी ती दोन्हीकडून अडकली. भाऊ येणार नव्हता, कारण नवरा सोडणार होता. नवरा सोडणार होता, पण तीन कामं जमली तर.

पहिलं काम तिचंच. दुसरं, सासऱ्यांचं, म्हणजे तोतारामआबांचं. त्यांचा डोळ्यांचा जुना डॉक्टर धुळ्याला राहायला गेला होता आणि आबांना दुसऱ्या कोणाचा भरवसा नव्हता. तिसरं, दुकानासाठी एका धुळेकर व्यापाऱ्याकडून ठिबकचे फिल्टर आणायचे. तीन झाली. चारुलताने बॅग भरली. चार दिवसांनी फिल्टर एसटीच्या पार्सलने आले. व्यापारीही शहाणा, त्याने परस्पर पाठवून दिले. हितेंद्रला फार आनंद झाला. त्याने वहीतलं तिसरं काम खोडलं, आणि चारुलताने बॅगेतल्या दोन साड्या काढून परत कपाटात ठेवल्या, कारण त्या चुरगळत होत्या.

मग ती काम शोधायला लागली. ज्या गल्लीत ती सात वर्षं खाली मान घालून चालली, त्या गल्लीत आता दारोदार विचारत होती, तुमचं धुळ्याला काही आहे का? लोकांना वाटलं, हिनेही वसा घेतला. अखेर रुपचंदभाऊंकडे काम निघालं. त्यांच्या मुलाचं लग्न होतं आणि धुळ्याकडच्या पाहुण्यांना पत्रिका द्यायच्या राहिल्या होत्या. चारुलताने ते काम असं आणलं, जसं कोणी विहिरीतून बुडालेली कळशी काढून आणावी.

आखाजीच्या आदल्या दिवशी पहाटे निघायचं ठरलं. पण गाडी निघणार ही बातमी गल्लीत फिरली. त्यात हितेंद्रचा दुसरा नियम, जागा रिकामी न्यायची नाही. रुपचंदभाऊंना पत्रिका एकट्याने देणं बरं दिसेना, म्हणून त्यांच्या पत्नी शेवंताबाई जोडीने निघाल्या. कोपऱ्यावरच्या उखर्डूला गाडी जाते आहे हे कळल्यावर आठवलं, की आपली बहीण धुळ्याला असते आणि आखाजीला आपण तिला कधीच आणत नाही, निदान भेटून तरी येऊ. संध्याकाळी हितेंद्रने पायरीवर बसून माणसं मोजली. आबा, रुपचंदभाऊ, शेवंताबाई, उखर्डू, आणि चालवायला तो. पाच. त्याने पुन्हा मोजली. पाचच.

चारुलता बॅगेला कुलूप लावत होती. तो आत आला आणि अगदी मवाळपणे म्हणाला, "चारू, तुझं काम मीच करून येतो."

तिला आधी समजलं नाही. त्याने समजावून सांगितलं. आबांना नेल्याशिवाय डोळे तपासता येत नाहीत. पत्रिका नवराबायकोनेच द्यायच्या. उखर्डूची बहीण त्याला पाहिल्याशिवाय ओळखणार नाही. तुझं मात्र तसं नाही. आईला साडी द्यायची, केळ्याचे वेफर द्यायचे, तब्येत विचारायची. मी देतो, विचारतो, व्हिडिओ कॉल लावून देतो. "म्हणजे तुझंही काम याच खेपेत होऊन जाईल."

तिने लाल वही उघडून पाहिली. त्याच्या टपोऱ्या अक्षरात लिहिलं होतं: एक, आबा – डोळे. दोन, रुपचंदभाऊ – पत्रिका. तीन, फागणे. फागणे एवढंच. तिचं नाव तिसऱ्या कामात कुठे नव्हतंच, म्हणून गाळण्याचाही प्रश्न आला नाही.

पहाटे साडेपाचला गाडी गेली. साडी आणि वेफरची पिशवी शेवंताबाईंच्या मांडीवर होती. चारुलता फाटकाला कडी लावून तिथेच उभी राहिली. फाटक आतून लावलेलं, आणि ती आत. घरात चहा उकळून आटत होता, तरी ती हलली नाही.

मंदाबाई ओट्यावर बसून हे सगळं बघत होत्या. सून काय विचार करते ते त्यांना बहुधा तिच्याआधी कळलं. त्या म्हणाल्या, "मी कोन अडवनारी? पन मुराळ्याबिगर जाशीन तं लोकं म्हनतीन, भांडून आली."

हीच ती शेवटची कडी होती. घ्यायला कोणी न येता, आखाजीच्या तोंडावर, एकटी लेक माहेरच्या थांब्यावर उतरली, की गावाला सांगायला काही लागत नाही. चारुलताने मान हलवली. मंदाबाई खोकल्या, आणि हवेलाच सांगावं तसं म्हणाल्या, की सातची बस भरून येते, उभं राहावं लागतं. मग उठून आत गेल्या आणि चहाखालचा गॅस बंद केला.

सातची बस भरूनच आली. चारुलता भुसावळपर्यंत एका पायावर आणि जळगावपर्यंत दीड पायावर उभी राहिली. जळगावला धुळ्याची गाडी मिळाली, त्यात मधली जागा मिळाली, एका बाजूला पोतं आणि दुसऱ्या बाजूला पोत्याचा मालक. दहा वाजताच ऊन असं तापलं होतं, की खिडकीच्या गजाला हात लागत नव्हता. दर थांब्यावर माणसं चढत होती, उतरत कोणीच नव्हतं. तिला दर किलोमीटरला वाटत होतं की उतरावं आणि उलटी बस पकडावी. पण दारापर्यंत पोचायला वाट नव्हती. गर्दीनेच तिला पुढे नेलं म्हणायला हरकत नाही.

पारोळ्याच्या पुढे बसने एका गाडीला मागे टाकलं. चारुलताला आधी मागच्या काचेवरचं 'इंधन वाचवा' दिसलं, मग खिडकीबाहेर काढलेला हात दिसला, जा बाबा, जाळ, अशी खूण करणारा. पत्रिकांसाठी एरंडोलला दोन घरं, पारोळ्याला तीन, आणि प्रत्येक घरी चहा, असा त्यांचा प्रवास चालला होता. आबा तोंड उघडं टाकून झोपले होते. शेवंताबाईंच्या मांडीवर तिची पिशवी होती. चारुलताने मान खाली घातली. पकडली जाईल असं वाटून, पकडायला कोणी नसताना.

फागण्याला ती उतरली तेव्हा हातात फक्त पर्स होती. घराच्या दारात आई, भागाबाई, कैऱ्या निवडत बसली होती. तिने लेकीला पाहिलं, मग लेकीच्या मागे पाहिलं, रस्ता मोकळा होता. तिने कैरी खाली ठेवली.

"कोनासंगे उनी व माय?"

"एकटीच."

भागाबाई आवाज उतरवून म्हणाली, "भांडीसन उनी का?"

शेजारच्या ओट्यावरच्या दोन बायकांनी धान्य पाखडायचं थांबवलं होतं. भांडण झालंच नव्हतं, हेच तर चारुलताला सांगायचं होतं, पण ते सांगितलं की कोणालाही खोटंच वाटणार. दीपक कांद्याच्या खळ्यातून आला आणि बहिणीकडे न बघता चप्पल झटकत राहिला. आपण फोनवर 'बरं' किती पटकन म्हटलं, ते त्यालाही आठवलं असावं. आईने तिला पाणी दिलं, आत घेतलं, आणि दार थोडं लोटून घेतलं. इथेही आतच.

तासाभराने, वाटेत आणखी एक घर आणि एक चहा करून, दारात गाडी थांबली. इंजिन लगेच बंद झालं, त्यावरूनच तिने ओळखलं. हितेंद्र पिशवी घेऊन आला. तिसरं काम करायला. त्याने 'आई आहेत का' म्हणत दार ढकललं आणि समोर बायको.

भागाबाईने मात्र वेळ दवडला नाही, ती लगेच बाहेर ओट्यावर आली. शेजारच्या ओट्याला ऐकू जाईल अशा आवाजात ती म्हणाली, "दखा, जवाई मांगेमांगेच उनात." पाखडणं पुन्हा सुरू झालं. अब्रू तेवढ्यापुरती वाचली.

हितेंद्रला राग येईल असं चारुलताला वाटलं होतं. खरं तर राग आला असता तर बरं झालं असतं. त्याने विचारलं, की बसने आलीस? बसमध्ये किती माणसं होती? तिने सांगितलं, साठ तरी असतील. त्याचे ओठ हलले, हिशोब झाला, आणि त्याच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते निव्वळ कौतुक होतं. "म्हणजे माणशी पाहिलं तर आमच्या पाचांपेक्षा तू कमी जाळलंस," तो म्हणाला. पुढच्या वर्षी दीपकचंही नको, माझंही नको, बसच बरी, हे त्याने तिथेच ठरवून टाकलं.

घरच्यांनी आग्रह केला, म्हणून तो आणि गाडीतले सगळे जेवले. मग धुळ्याला आबांचे डोळे, उरलेल्या पत्रिका उरकून चार वाजता परत फागण्याला थांबला. उखर्डू बहिणीकडेच राहिला होता. तिने त्याला ओळखलं होतं, आणि सोडलं नव्हतं.

"एक जागा मोकळी आहे," हितेंद्र म्हणाला. "चल. आईला भेटून झालं. रिकामी जागा न्यायची कशाला?"

दीपकची मुलगी मेघा निंबाच्या फांदीवर दोर टाकायचा प्रयत्न करत होती. दोर पुन्हा पुन्हा खाली पडत होता. गाडीतून आबा आणि शेवंताबाई बघत होते. शेजारचा ओटा बघत होता. बसावं म्हटलं तर आखाजी गेली, न बसावं म्हटलं तर गावाचं पाखडणं पुन्हा थांबलं. चारुलता पदराला हात पुसत राहिली. मग तिने नवऱ्याच्याच मवाळ आवाजात सांगितलं, "मी येते ना. इकडून सावद्याची तीन कामं जमली की येते."

आपला नियम कोणीतरी आपल्याला सांगतंय हे हितेंद्रच्या आयुष्यात पहिल्यांदाच होत होतं, आणि त्यात खोडून काढण्यासारखं त्याला काही सापडेना. त्याने खणातून लाल वही काढली, कोरं पान उघडलं, वर 'फागणे ते सावदा' लिहिलं.

"आत्तापर्यंत किती जमली?"

चारुलताने झाडाकडे पाहिलं. दोर अजून फांदीवर गेला नव्हता.

"एकही नाही," ती म्हणाली.

त्याने तसंच लिहून घेतलं. गाडी पन्नासच्या वेगाने निघाली. वळणावर आबांनी मोकळ्या जागेवर पाय लांब केलेले तिला दिसले, आणि मग ती दोर घ्यायला मेघाकडे गेली.