मातीच्या साहेबाची मिशी

श्रीमंगलजवळच्या चहाबागेत ढाक्याहून नाझनीनआपा आल्या आणि मजुरांच्या मुलांना मातीच्या बाहुल्यांचा सिनेमा शिकवू लागल्या. बाहुली केसभर हलवायची, फोनवर फोटो काढायचा, पुन्हा हलवायची. पहिल्याच दिवशी आपांनी सांगितलं, "प्रत्येक माणसाला अब्रू असते."

"पानं खुडतानाही?" बसंती तांतीनं विचारलं.

पोरगी आगाऊ होती, पण प्रश्न खरा होता. एवढ्या मोठ्या बागेत बायकांना संडास नव्हता. बसंतीची आई शोनामणी दिवसभर पाण्याचा थेंब घ्यायची नाही आणि घरी येऊन जळजळीनं कण्हायची. तिच्यासाठी चार भिंती आणि एक दार व्हावं, एवढ्याचसाठी बसंतीचा सिनेमा होता. त्यात मातीची बाई मातीच्या साहेबाला विचारते, "जायचं कुठं?" साहेब मिशीला पीळ देत म्हणतो, "एवढी झाडं आहेत की."

बागेच्या बडासाहेबांना बातमी लागली. "मिशी माझी आहे," ते आपांवर गुरगुरले. "ती काढा, नाहीतर सिनेमा दाखवायला मजुरांचं नाचघर मिळणार नाही."

आपांचं तोंड उतरलं. बसंतीनं मुकाट्यानं मिशी काढली, फक्त फेकली नाही. आता सिनेमात साहेबाला शिंक येई, मिशी उडून त्याच्या खुर्चीत बसे आणि तीच हुकूम सोडी.

रविवारी दुपारी नाचघराला गोणपाटं लावून अंधार केला. बडासाहेब पाहुणे, पहिल्या खुर्चीत. शोनामणी त्यांना मजूर पितात तो मिठाचा चहा पाजत राहिली, आणि चारचौघांत त्यांना नाही म्हणवेना. मिशी खुर्चीत बसली तशी सगळी बाग खिदळली. साहेब मात्र चुळबुळत होते. बंगला लांब टेकडीवर होता. शेवटी ते उठून बाहेर आले आणि किटली घेऊन मागोमाग आलेल्या शोनामणीला हळूच म्हणाले, "इथं जायचं कुठं?"

"एवढी झाडं आहेत की, साहेब."

साहेबांनी नजर फिरवली. चहाची झुडपं कमरेइतकीच असतात, हे त्यांना आज पहिल्यांदा दिसलं.

बसंती फोन घेऊन दारात उभी होती. तिचे हात नुसते शिवशिवत होते. पण अब्रू प्रत्येकाला असते, हा मेला धडा तिला पाठ झाला होता. तिनं फोन ओढणीत गुंडाळला आणि पाठ फिरवली.

शोनामणीनं आपली फाटकी छत्री उघडून साहेबांपुढं आडवी धरली. "आम्ही बायका एकमेकींपुढं अशीच धरतो. बसा, मी बघत नाही."

नाइलाजानं साहेब बसले.

"मग," छत्रीपलीकडून शोनामणीनं विचारलं, "दार कधी बसवताय?"