साठीनंतरचं नाव

चिहारूने एन्टर इतक्या जोरात दाबलं की समोर बसलेल्या मिनामीच्या कपातला चहा हिंदकळला.

"चिहारूसान, कीबोर्डनं काय घोडं मारलंय तुमचं?"

"हे बघ!" चिहारूने स्क्रीन तिच्याकडे वळवला.

सकाळी सगळ्यांना गेलेल्या मेलच्या डोक्यावर नावं हुद्द्याप्रमाणे लागली होती. आधी कालच विभागप्रमुख झालेले माकाबेसाहेब, मग बाकीचे, मग एप्रिलमध्ये लागलेली मिनामी. आणि तिच्याही खाली, पार तळाला, तोगाशीसान. चमच्यांच्या या कारखान्यात अडतीस वर्षं काढलेला, परवापर्यंत विभागप्रमुख असलेला माणूस! परवा साठी झाली, कालपासून पुढच्या पाच वर्षांच्या करारावर घेतलं, खुर्ची खिडकीपाशी सरकवली. एवढ्यानं भागलं नाही म्हणून हे!

"नव्या साहेबांचंच काम. नुसता हलकटपणा," चिहारू धुसफुसली.

कारखान्याचा मेलचा प्रोग्राम फुकटातला, कोड सगळ्यांना खुला. हवी ती सोय आपली आपण जोडून घ्यायची. नावं लावायची सोय अशीच कधीतरी कुणीतरी जोडलेली होती. ती सांभाळायचं काम महिन्यापूर्वी चिहारूकडे आलं होतं. तिला कोड लिहायला शिकवलं होतं तोगाशीसाननीच.

"तोगाशीसान, जरा इकडे या. तुमच्यादेखत पुसते. मग मला नोकरीवरून काढलं तरी चालेल."

तोगाशी आले, तिच्या खुर्चीमागे उभे राहिले. ओळ सापडायला वेळ लागला नाही: साठीच्या वरचे सगळ्यांत शेवटी. कुठली ओळ कुणी, कधी लिहिली, ते प्रोग्राम सांगतो. चिहारूने ते उघडलं.

"बघू तरी कुणाच्या डोक्यातून..."

नऊ वर्षांपूर्वी. तोगाशी.

तिचे कान तापले. राग होता तिथेच होता, फक्त माणूस बदलला होता.

"तुम्ही?"

"तेव्हा ओबातासानना साठ वर्षं झाली होती. मला काम त्यांनीच शिकवलं." तोगाशींनी चष्मा काढला. "त्यांचं नाव माझ्या वर लावायचं की खाली, मला ठरवता येईना. मग ही ओळ लिहून टाकली. त्यानंतर पाच वर्षं ते माझ्या शेजारी बसले. यावर चकार शब्द काढला नाही."

"आणि तुम्हीही कधी विचारलं नाहीत?"

"नाही."

मिनामी कप उचलून निघून गेली. चिहारूने ती ओळ निवडली.

"लाज वाटते मला तुमची," ती म्हणाली. "पुसतेय मी."

"पूस. पुसायलाच हवी." तोगाशी चष्मा पुसत राहिले. "पण माझीही पाच वर्षंच आहेत, चिहारू. तेवढी मला तळालाच काढू दे."