मनगटावरचा क्रमांक

पत्नीचा विसराळूपणा हाताबाहेर गेला, तेव्हा मी तिच्या मनगटावर मेंदीने माझा फोन क्रमांक लिहिला. यंत्रांचे आराखडे काढण्यात हयात गेल्यामुळे आकडे सुबक आले. एक गोष्ट मात्र मी हिशेबात धरली नाही: भांडी घासल्याशिवाय तिला चैन पडत नाही. सहाव्या दिवशी ती घराबाहेर पडली आणि वाट चुकली. एका भल्या दुकानदाराने मनगट पाहून फोन लावला. पण इंग्रजी आठाची डावी बाजू झिजून त्याचा तीन झाला होता. फोन भलत्यालाच लागला. ती साडेचार तासांनी सापडली, तीही योगायोगाने.

दुसऱ्याच दिवशी मी तिला पुतणीकडे नेले. पुतणी टॅटू काढते.

"काका, मेंदी कातडीच्या वरच्या थरापुरती असते. तो थर झडला की रंग गेला. माझी सुई त्याच्या खाली शाई सोडते, ती जन्माची. म्हणून काकूला मी तीन वेगवेगळ्या दिवशी विचारणार. तिन्ही दिवशी 'हो' आलं, तरच सुई."

"अगं, तिला कालचं आठवत नाही!"

"म्हणूनच तर."

पहिल्या दिवशी पत्नी हो म्हणाली. दुसऱ्या दिवशीही म्हणाली. वर "दुखलं तर कान पिळीन हं तुझे," असा दमही भरला. तिसऱ्या दिवशी मनगट पुसून झाले, पुतणीने हातमोजे चढवले आणि तोच प्रश्न पुन्हा विचारला.

"नंबर? मी काय गॅसचं सिलिंडर आहे?"

"अगं, तू परत हरवलीस तर..." माझा आवाज चढला.

"ओरडू नका. जाणारं काही नाही का?"

"मेंदी आहे, काकू. पण ती सारखी काढावी लागेल."

"मग हे काढतील. रिकामेच तर असतात."

पुतणीने हातमोजे उतरवले. मी वाद घालणार होतो. कारणेही क्रमवार तयार होती. परंतु पत्नीने नकार पूर्ण भानावर असताना, माझ्या डोळ्यांत पाहून दिला होता.

आता दर तिसऱ्या दिवशी न्याहारीनंतर मी मेंदीचा कोन घेऊन बसतो. ती हात पुढे करते. कधी मला ओळखून, कधी न ओळखता. मेंदी सुकेपर्यंत मी शेजारून हलत नाही.

परवा तिने हळूच विचारले, "तुम्ही रोज येता का हो?"

"दर तिसऱ्या दिवशी," मी सांगितले.